रोटर बदलायला वेळ लागत नाही, हब घासायला लागतो

ताशी ८०च्या वर असताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरायचं आणि पेडल पायाखाली धकधक करायचं, हळू चालवताना मात्र काहीच नाही. आधी वाटलं चाकांचं बॅलन्सिंग गेलं असेल, पण बॅलन्सिंग गेलेलं असेल तर ब्रेक न दाबताही स्टिअरिंग हलतं, इथे पाय उचलला की सगळं जागच्या जागी शांत. म्हणजे ब्रेकच. आणि स्टिअरिंगमध्ये जाणवतंय म्हणजे बहुतेक पुढचे, मागचे असते तर सीटमध्ये जास्त जाणवलं असतं. हा काही शंभर टक्के नियम नाही पण कुठून सुरुवात करायची ते ठरवायला बरा पडतो.

गाडी माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीतली, ती हेडलाइट वर उचलले जातात ना ती. १९८९ ला आली आणि १९९७ पर्यंत बनत होती, माझी १.६ लिटरवाली. वजन जेमतेम टनभर, त्यामुळे ब्रेकही लहान, पुढचे रोटर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकड्या, २३५ एमएम व्यासाचे. १९९४ च्या मॉडेलपासून १.८ लिटरचं इंजिन आलं तेव्हा पुढचे रोटर २५५ एमएमचे झाले, आणि हे पार्ट मागवताना नीट बघावं लागतं, कारण गाडीचं नाव तेच, बाहेरून दिसायला तीच, पण एकाचा रोटर दुसऱ्याच्या ब्रॅकेटमध्ये, म्हणजे ब्रेक धरणाऱ्या चौकटीत, बसत नाही. गाडी जुनी असली की आधीच्या मालकाने काय काय बदललंय याचा भरवसा नसतो, म्हणून कागदावरचं मॉडेल बघून मागवण्यापेक्षा चाक काढून मोजपट्टी लावलेली बरी.

कोणालाही विचारलं तर एकच उत्तर मिळतं, "रोटर वाकलाय, बदलून टाक". मला हे वाकलाय प्रकरण आधीपासूनच पटत नव्हतं. रोटर म्हणजे करड्या बिडाची जाड तबकडी, ती पुरीसारखी फुगून वाकडी होत नाही. खरं काय होतं तर तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. कुठे पॅडचं (रोटरला दोन्ही बाजूंनी घासून थांबवणाऱ्या तुकड्याचं) मटेरियल जास्त चिकटून बसतं, कुठे झीज जास्त होते, आणि मग ब्रेक दाबलेला असताना पॅड जाड भागावरून पातळ भागावर, परत जाड भागावर असं जात राहतात, पॅड दाबणारा पिस्टन पुढे मागे होतो आणि तो धक्का ऑइलमधून थेट पेडलला येतो. हा फरक एमएमच्या शंभराव्या भागात असतो, दोन-तीन शतांश एमएमचा फरकसुद्धा पायाला कळतो. डोळ्याला काही दिसत नाही.

तर आधी मोजमाप. चाक काढलं आणि व्हर्नियर लावला तर जाडी अगदी छान आली, १८च्या जवळ, म्हणजे नव्यासारखी! कारण रोटरच्या बाहेरच्या काठाला जिथे पॅड पोचत नाही तिथे झीज होत नाही, उलट गंजाचा एक उंच काठ तयार होतो आणि व्हर्नियरचे जबडे त्या काठावर टेकतात. तुम्ही मोजताय काठ, झिजलाय आतला भाग. मायक्रोमीटर असेल तर प्रश्नच नाही, तो आतपर्यंत जातो. नसेल तर दोन सारखी नाणी घ्यायची, रोटरच्या दोन्ही बाजूंना जिथे पॅड घासतो तिथे धरायची, सगळं मिळून मोजायचं आणि नाण्यांची जाडी वजा करायची. माझ्याकडे मायक्रोमीटर होता, गोल फिरत आठ ठिकाणी मोजलं. नवीन रोटर १८ एमएमचा असतो, कमीत कमी १६ चालतो, आणि हा आकडा रोटरवरच कुठेतरी कोरलेला असतो, गंज पुसून बघा, सापडतो. माझा डावा सगळ्यात पातळ जागी १५.९ आणि उजवा १६.१. म्हणजे नवा आणि भंगार यांच्यात फक्त दोन एमएमचं अंतर, आणि माझा डावा ते पार करून गेलेला. लेथवर तासून घ्यायचा विचार तिथेच संपला, कारण तासलं की अजून पातळ होणार आणि पातळ रोटर म्हणजे उष्णता साठवायला कमी लोखंड.

हे उष्णतेचं जरा सांगतो कारण लोकांना वाटतं ब्रेकचं काम गाडी "धरणं" आहे. ब्रेकचं काम गाडीच्या वेगातली सगळी ऊर्जा उष्णतेत बदलणं. १००० किलोची गाडी ताशी १०० वरून शून्यावर आणली की साधारण ३८५ किलोज्यूल उष्णता तयार होते, म्हणजे लिटरभराहून थोडं जास्त गार पाणी उकळीपर्यंत जाईल एवढी, आणि ती काही सेकंदांत. ती सगळी चार रोटरमध्ये जाते आणि पुढच्या दोघांत त्यातला मोठा वाटा, कारण ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं. आणि वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट. म्हणून पुढचे रोटर पोकळ असतात, दोन तबकड्यांच्या मध्ये पंख असतात, त्यातून हवा आतून बाहेर फेकली जाते. मागचे सरळ भरीव, ९ एमएमचे.

कुठले रोटर घ्यायचे यावर मी फार डोकं खाजवलं नाही. भोकं पाडलेले दिसायला भारी दिसतात हे मान्य, पण तापणं-गार होणं चालू राहिलं की त्या भोकांच्या कडांपासून बारीक चिरा जातात, आणि माझ्या वापराला भोकांचा फायदा शून्य. खाचा पाडलेले त्यातल्या त्यात बरे, पण पॅड लवकर खातात. मी साधे घेतले, चांगल्या बिडाचे, मधल्या टोपीला आणि कडांना गंज न लागणारं कोटिंग केलेले. एक गोष्ट मात्र माहीत असावी, काही गाड्यांच्या रोटरमध्ये आतले पंख वाकवलेले असतात, तिथे डावा उजवा वेगळा असतो आणि उलटा बसवला तर हवा नीट फेकली जात नाही. माझ्यात पंख सरळ, त्यामुळे कुठलाही कुठेही. बाकी बिडाला पर्याय शोधणं अजून चालूच आहे पण रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांना बीडच. १९०२ साली लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, १९५३ ला जॅग्वार सी-टाइपने डिस्क ब्रेक लावून ले मान्स जिंकली, तेव्हापासून आजपर्यंत मूळ कल्पना तीच, तबकडी दोन बाजूंनी चिमटीत धरायची.

नवीन रोटर तर नवीन पॅड, यात काटकसर नको. जुना पॅड जुन्या रोटरच्या खाचांप्रमाणे घासलेला असतो, नव्या सपाट रोटरवर तो फक्त उंचवट्यांवर टेकतो, तेवढ्या जागीच तापतो आणि नव्या रोटरची वाट लावतो.

कामाला लागलो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, पूर्ण काढायचे नाहीत. मग मागच्या चाकांना पुढून मागून लाकडी ठोकळे, पुढून क्रॉस मेंबरखाली जॅक, आणि दोन्ही बाजूंना स्टँड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्याबरोबर काम करत नाही. स्टँडवर ठेवल्यावर गाडीला हाताने दोन्ही बाजूंनी चांगली हलवून बघायची, पडायची असेल तर आत्ता पडू दे, मी बाहेर असताना.

कॅलिपर, म्हणजे पॅडना रोटरवर दाबणारा चिमटा, काढणं सोपं आहे. खालचा बोल्ट काढला की कॅलिपर वर उचलला जातो, पॅड बाहेर येतात. रोटर काढायचा तर पूर्ण कॅलिपर बाजूला घ्यावा लागतो आणि तो तारेने स्प्रिंगला बांधून ठेवायचा, रबरी होजवर लटकवायचा नाही. होज बाहेरून ठीक दिसतो, आतला थर फाटलेला असतो तो दिसत नाही, आणि मग पुढे कधीतरी ब्रेक सोडला तरी चाक अडकून राहतं आणि माणूस कॅलिपरला दोष देत बसतो.

डाव्या बाजूचे पॅड हातात घेतले तेव्हा अर्धी गोष्ट तिथेच कळली. पॅड सरळ झिजलेला नव्हता, एका टोकाला सहा एमएम शिल्लक आणि दुसऱ्या टोकाला तीन, पाचरीसारखा. याचा अर्थ कॅलिपर सरळ सरकत नव्हता. हा तरंगता कॅलिपर असतो, पिस्टन एकाच बाजूला, आतला पॅड पिस्टन दाबतो आणि त्या जोराने पूर्ण कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढतो. दोनपैकी एक पिन अडकली की तो तिरका होतो. खालची पिन बाहेर यायलाच तयार नव्हती, पान्याने गोल फिरवत फिरवत ओढली तेव्हा आली, वरचं ग्रीस वाळून तपकिरी खरपुडी झालेलं आणि रबरी बूटला एक चीर, तिथून पाणी जात होतं. नवीन बूट लावले, पिन घासून गुळगुळीत केल्या आणि सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावलं. साधं बेअरिंगचं ग्रीस इथे चालत नाही, त्यातल्या तेलाने रबर फुगतं आणि पिन परत अडकते. ग्रीसही चोपडायचं नाही, पातळ थर, नाहीतर पिन आत घालताना हवा कोंडते आणि पिन बाहेर ढकलली जाते.

ब्रॅकेटचे दोन बोल्ट मागच्या बाजूने असतात आणि ते वर्षानुवर्षं चिखलपाणी खाल्लेले. पेनिट्रेटिंग ऑइल आदल्या रात्रीच मारून ठेवलं होतं. सहा कोनी सॉकेटच वापरायचा, बारा कोनी वापरला की बोल्टचं डोकं गोल होतं आणि मग सगळा दिवस त्यातच जातो. लांब दांडा लावला, हळूहळू जोर वाढवत नेला, एकदम झटका नाही, तेव्हा कर्र आवाज करत सुटला. त्या आवाजाने दरवेळी एक क्षण वाटतं की बोल्ट तुटला.

रोटर मात्र हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल भागावर, असा बसला होता की जसं काही एकच तुकडा. काही गाड्यांमध्ये रोटरला धरायला छोटा स्क्रू असतो, माझ्या गाडीवर तो कधीकाळी कोणीतरी काढून टाकलेला होता, नसला तरी बिघडत नाही कारण रोटर शेवटी चाकाच्या नटांनीच दाबला जातो. रोटरच्या टोपीत दोन आट्यांची भोकं असतात, त्यात ८ एमएमचे दोन बोल्ट घालून थोडा इकडचा थोडा तिकडचा असं आळीपाळीने पिळायचं, बोल्ट हबवर टेकतात आणि रोटर बाहेर ढकलतात. लोक सरळ मोठा हातोडा घेतात. रोटर भंगारात जाणार असेल तर एकवेळ ठीक, पण तो प्रत्येक घाव व्हील बेअरिंगलाही बसतो हे विसरू नका. उजवा बोल्टांनी आला. डाव्याला ऑइल, बोल्ट, मग टोपीवर लाकडाचा तुकडा ठेवून ठोके, परत बोल्ट, असं सगळं केल्यावर ठप्प करून सुटला आणि गंजाचा एक ढीग खाली पडला.

आता इथून पुढे बहुतेक लोक नवीन रोटर चढवतात, कॅलिपर लावतात आणि मोकळे होतात. मला मात्र बघायचं होतं की हबवरच्या गंजाने खरंच किती फरक पडतो. म्हणून नवीन रोटर पुसून तसाच, न घासलेल्या हबवर चढवला, चाकाचे चारही नट वॉशर लावून उलटे घट्ट केले जेणेकरून रोटर चाक असल्यासारखा दाबला जाईल, आणि डायल गेज (बारीक डुगडुगणं काट्याने दाखवणारं मोजमापाचं साधन) लावलं. गेजचं मॅग्नेटवालं स्टँड नकलवर (हब ज्यात बसतो त्या न फिरणाऱ्या भागावर), टोक रोटरच्या काठापासून थोडं आत, काटा शून्यावर आणि रोटर हाताने हळू फिरवला. काटा एका बाजूला गेला, परत आला, एकूण ०.१३ एमएम. नवाकोरा रोटर, खोक्यातून काढलेला, आणि तो डुगडुगतोय.

मग रोटर काढला आणि हब घासायला बसलो. हबच्या तोंडावर गंज नुसता लाल भुकटीसारखा नसतो, त्याचे थर असतात, आणि सगळ्यात वाईट असतो स्टडच्या (चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या खुंटांच्या) मुळाशी आणि मधल्या उंच गोल भागाच्या कोपऱ्यात, जिथे वायर ब्रश पोचत नाही. तिथे जुना स्क्रू ड्रायव्हर धार लावून खरवडला, एक पापुद्रा निघाला नखाएवढा, वरून काळा गुळगुळीत, लोखंडच वाटावं असा. स्टडच्या भोवती गोल फिरणारी छोटी घासणी मिळते ड्रिलला लावायची, ती नव्हती म्हणून पॉलिश पेपरचं भोक पाडून स्टडवर चढवलं आणि बोटाने फिरवत बसलो, बोटांची सालं निघाली पण हब धातूच्या रंगावर आला. गंज काढायचा, धातू तासायचा नाही, म्हणून ग्राइंडर अजिबात लावला नाही. शेवटी बोटाचं नख सगळीकडून फिरवून बघितलं, कुठे अडकत नाही ना. तोच रोटर परत चढवला, तेच नट, गेज त्याच जागी. ०.०६. मग रोटर एक स्टड पुढे फिरवून लावला, म्हणजे नव्वद अंशात, ०.०४. तिथेच ठेवला, आणि रोटर-स्टडवर मार्करने खूण केली म्हणजे पुढच्या वेळी तसाच लागेल.

बहुतेक मॅन्युअलमध्ये ०.१ पर्यंत चालतं असं असतं, मी ०.०५च्या आत आणायचा प्रयत्न करतो. आता एवढ्याशा डुगडुगण्याने काय होतं तर पहिल्या दिवशी काहीच होत नाही, आणि हीच गोम आहे. ब्रेक दाबलेला असताना तरंगता कॅलिपर रोटरच्या मागे थोडा सरकतो, पायाला काही कळत नाही. पण ब्रेक सोडलेला असताना, नुसती गाडी चालवताना, रोटरचा तो बाहेर आलेला भाग प्रत्येक फेऱ्याला पॅडला हलकासा घासून जातो. काही हजार किलोमीटरमध्ये तेवढीच जागा पातळ होते, मग जाडीत फरक, मग थरथर, आणि मग माणूस म्हणतो रोटर वाकला, नवीन पण हलक्या दर्जाचा निघाला. नवीन आणतो, परत त्याच गंजक्या हबवर चढवतो. हबच्या काठावर पाच शतांश एमएमचा पापुद्रा असेल तर रोटर मोठा असल्यामुळे त्याच्या काठाशी तो फरक दीडपट-दुप्पट होऊन दिसतो. माझ्या आधीच्या रोटरचं हेच झालं असणार असं मला वाटतं, आणि अडकलेल्या पिनेने त्यात भर घातली. चाकाचे नट कमी-जास्त घट्ट केले तरीसुद्धा असाच तिरकेपणा येतो, म्हणून शेवटी टॉर्क रेंच.

हबवर अगदी पातळ, पुसून घेतलेला अँटीसीझचा थर दिला, पुढच्या वेळी रोटर सहज निघावा म्हणून. फक्त हबच्या तोंडावर, स्टडच्या आट्यांवर नाही. आट्यांना तेलकट केलं की तोच टॉर्क लावला तरी स्टड जास्त ताणला जातो.

नवीन रोटरला गंज लागू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो, तो ब्रेक क्लीनरने धुवायचा, दोन्ही बाजू, आणि कापड काळं-तेलकट येणं थांबेपर्यंत पुसत राहायचं. आधी कोमट साबणाच्या पाण्याने धुवून लगेच कोरडा केला तर अजून चांगलं, पण लगेच म्हणजे लगेच, ओलं बीड बघता बघता लाल पडतं. आणि हो, ब्रेकची जुनी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही, ओली करून पुसायची. जुन्या गाडीवर कधीच्या काळचे पॅड आहेत सांगता येत नाही, पूर्वी त्यात अॅस्बेस्टॉस असायचं.

नवीन पॅड जाड, त्यामुळे पिस्टन आत ढकलावा लागतो. जुना पॅड पिस्टनवर ठेवून जी क्लॅम्पने हळूहळू दाबायचा. मी ब्लीडरला (कॅलिपरमधून ऑइल आणि हवा बाहेर सोडणाऱ्या छोट्या स्क्रूला) नळी लावून तो थोडा उघडला आणि मग दाबला, म्हणजे कॅलिपरमधलं सगळ्यात घाण ऑइल वर मास्टर सिलिंडरकडे न जाता बाहेर येतं, जे आलं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. ब्लीडर न उघडता ढकलणार असाल तर वरच्या डब्यातलं ऑइल आधी सिरिंजने कमी करा, नाहीतर ते वरून उतू जातं आणि ब्रेक ऑइल जिथे सांडेल तिथला रंग जातो. जुन्या गाडीचा मूळ रंग असेल तर रडायची वेळ.

ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान ज्या पत्र्याच्या क्लिपांवर सरकतात त्या क्लिपा काढून त्यांच्या खालचा गंज घासा. गंज फुगतो, क्लिप वर उचलते, नवीन पॅड हातोडीने ठोकून बसवावा लागतो आणि मग तो मागे येत नाही. पॅड हाताने सरकला पाहिजे. कानांवर आणि पॅडच्या पाठीवर जरासं ग्रीस, तोंडावर कणभरही नाही.

पुढचं झाल्यावर मागचं. मागे जॅक डिफरन्शियलखाली लावला, ठोकळे पुढच्या चाकांना, आणि हँडब्रेक सोडायचा, कारण या गाडीत हँडब्रेक मागच्या कॅलिपरमधूनच चालतो, ओढलेला असेल तर कॅलिपर निघणारच नाही. मागच्या कॅलिपरचा पिस्टन क्लॅम्पने दाबून आत जात नाही, जोर लावला तर आतलं मेकॅनिझम तुटतं. कॅलिपरच्या मागे १४ एमएमच्या पान्याचा एक बोल्ट आहे, तो नुसता झाकण, तो काढला की आत ४ एमएमची अॅलन की लागते. ती घड्याळाच्या उलट फिरवत राहिलं की पिस्टन आपोआप आत जातो, काही जोर नाही काही नाही. सगळं बसवल्यावर तीच की उलटी फिरवायची, पॅड रोटरला टेकून रोटर हाताने फिरेनासा झाला की तिथून एक तृतीयांश फेरा मागे. ज्याने कोणी हे डिझाइन केलं त्याला माझा नमस्कार. मागचे रोटर जाडीला ठीक होते पण आतल्या बाजूला गंजाने खड्डे पडलेले, गाडी उभी राहते आणि मागच्या ब्रेकवर फार काम येत नाही त्यामुळे ते झिजून मरत नाहीत, गंजून मरतात. बदलले. हब घासायचा कार्यक्रम इथेही तोच.

ब्रेक ऑइल पूर्णच बदलून घेतलं, हवा काढायची होतीच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ ऑइल ताजं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळायचं नाही असा नियम आहे, त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की तोच आकडा १५५ वर येतो. उकळलं की वाफ, वाफ दाबली जाते, पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. धाकट्या भावाला सीटवर बसवलं, मी खाली ब्लीडरपाशी.

"दाब."

"दाबला."

"धरून ठेव, सोडू नकोस... हां, आता सोड."

"दादा, अजून किती वेळ?"

"बुडबुडे थांबेपर्यंत."

दाबलेला असताना ब्लीडर उघडायचा, बंद केल्यावरच पेडल सोडायला सांगायचं, उलट झालं की हवा परत आत. वरच्या डब्यातलं ऑइल संपू द्यायचं नाही.

चाकं लावली, नट समोरासमोर असे आळीपाळीने, शेवटी जमिनीवर टेकवून टॉर्क रेंचने १०० न्यूटन मीटर. ब्रॅकेटचे आणि कॅलिपरचे बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याला, अंदाजाने नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी सुरू करून गिअर टाकण्याआधी ब्रेकचं पेडल दाबत राहायचं. पिस्टन आत ढकललेले असतात, पहिल्यांदा पेडल थेट खाली जातं, चार-पाचदा दाबल्यावर पॅड रोटरला येऊन टेकतात आणि मग कडक होतं. हे विसरून गाडी मागे घेतली तर मागे जे असेल त्याच्यावर जाऊनच थांबते.

पॅड बसवणं म्हणजे बेडिंग हा टप्पा लोक गाळतात. पॅडच्या मटेरियलचा एक पातळ सारखा थर रोटरवर चढवायचा असतो. रिकामा सरळ रस्ता, ताशी ६० वरून १० पर्यंत बऱ्यापैकी जोरात ब्रेक, पण चाक लॉक करायचं नाही (या गाडीत एबीएस नाही) आणि पूर्ण थांबायचं नाही, परत वेग, परत ब्रेक. पुढे पुढे एक जळका वास यायला लागतो, पेडल जरा वेगळं लागतं. मग ब्रेक न लावता बराच वेळ आरामात चालवत राहायचं म्हणजे हवेने सगळं गार होईल. तापलेल्या ब्रेकवर गाडी थांबवून पेडल दाबून धरलं तर पॅडचा ठसा रोटरवर तिथेच उमटतो आणि इतकं सगळं घासून परत थरथर घरी. घरी आल्यावर बघितलं तर रोटरवर सारखी राखाडी-निळसर झाक, खाचा नाहीत, पट्टे नाहीत.

आता ताशी १०० वरून ब्रेक मारला तरी स्टिअरिंगवर बोट ठेवून गाडी सरळ थांबते. शंभरेक किलोमीटर झाल्यावर नटांचा टॉर्क परत तपासला, एक थोडा हलला. चाकं काढलेलीच होती एकदा म्हणून गेज परत लावलं, डावा पुढचा अजून ०.०४ वरच आहे. हँडब्रेक सहाव्या खाचेला धरतो, मॅन्युअल ५ ते ७ म्हणतं. फक्त मागच्या डाव्या कॅलिपरचा हँडब्रेकचा लिव्हर सोडल्यावर जरा आळसावून परत येतो, सीलमधून आत पाणी गेलेलं असणार, सील किट मागवून ठेवलंय, तो कॅलिपर उघडला की कळेल आत काय शिल्लक आहे.